रोजचे पन्नास किलोमीटर, पण कोणाच्या गाडीचे?

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४१. घर सांगलीत विश्रामबागला, नोकरी तासगावातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर. तिघे सहकारी आठवड्याची पाळी लावून एकेकाच्या गाडीने जातात. पाळी नसते तेव्हा गाडी पत्नीकडे: मुलीची शाळा, क्लास, बाजार. महिन्यातून एकदा जत तालुक्यात सासुरवाडी, वर्षातून चारेकदा पुणे. बारा वर्षांची पेट्रोल गाडी काढून नवी घ्यायची आहे. शोरूमवाला म्हणतो, "रोज पन्नास म्हणजे डोळे झाकून डिझेल." सासरे म्हणतात, रानातल्या वाटेला डिझेलच लागतं. एक मित्र म्हणतो, दहा वर्षांनी डिझेल गाड्या बंदच होणार. शिवाय गावभागातल्या एका ओळखीच्या माणसाची २०१८ ची डिझेल गाडी सव्वापाच लाखांत मिळते आहे. बजेट अकरा लाख, त्यात निम्म्याहून जास्त कर्ज. नवी गाडी आठ वर्षं तरी ठेवायची आहे. तर नवी पेट्रोल, नवी डिझेल की जुनी डिझेल?

नमस्कार,

तुमच्या पत्रात 'रोज पन्नास किलोमीटर' पुन्हा पुन्हा आलंय आणि तिघांच्या पाळीचा उल्लेख एकदाच, तोही जाता जाता. कोणती गाडी घ्यायची हे त्या जाता जाता लिहिलेल्या वाक्यावर ठरणार आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

पन्नास किलोमीटर रोज तुम्ही जाता. तुमची गाडी जाते ती तीन आठवड्यांतून एक आठवडा. वर्षाला असे सतराएक आठवडे तुमच्या वाट्याला येतात. आठवड्याचे तीनशे धरले तर ५,१०० किमी. उरलेल्या आठवड्यांत गाडी विश्रामबागच्या आसपासच फिरते. शाळा, क्लास, बाजार मिळून दिवसाला आठेक किमी म्हटलं तर वर्षाला १,७०० च्या आत. जतकडच्या बारा खेपा, जाऊन-येऊन १८० धरून, २,१६०. पुण्याच्या चार, त्यांचे १,८८०. बेरीज जेमतेम १०,८००. शोरूममध्ये तुमच्यासमोर मांडलेला हिशेब एकोणीस-वीस हजारांचा असणार, कारण तिथे पाळीचं कोणी विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाही.

माझ्या आकड्यावर विसंबू नका. जुन्या गाडीच्या शेवटच्या दोन सर्व्हिसिंगची बिलं काढा. दोन्हींवर तारीख आणि मीटरचं रीडिंग असतं. वजाबाकी केली की वर्षाचं खरं रनिंग पाच मिनिटांत कळतं. डिझेल-पेट्रोलच्या विचारात असलेल्या प्रत्येकानं शोरूमची पायरी चढण्याआधी हे करावं. बहुतेकांचा अंदाज जास्तीच्याच बाजूला चुकलेला असतो.

आता पैशाचं. हिशेबासाठी पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरते आहे. तुमच्या पंपावरचा आजचा दर घालून पुन्हा करा. चार मीटरच्या आतली छोटी एसयूव्ही, १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, गाव-हायवे मिळून प्रत्यक्षात १५ चं ॲव्हरेज देते असं समजू. तीच गाडी १.५ लिटर डिझेलमध्ये १९ देईल. कंपनीच्या कागदावरचे आकडे याहून मोठे असतात, ते बाजूला ठेवा. पेट्रोलला किलोमीटरमागे ७ रुपये, डिझेलला ४ रुपये ८० पैसे. फरक २ रुपये २० पैसे. इथपर्यंत शोरूमवाला बरोबर आहे.

पण डिझेल घ्यायला आधी जास्त पैसे मोजावे लागतात. एकाच व्हेरिएंटमध्ये किंमत साधारण लाख ते दीड लाखांनी जास्त असते. समजा पेट्रोल ८ लाख ६० हजार आणि डिझेल ९ लाख ८० हजार, एक्स-शोरूम. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला आरटीओचा कर ११ टक्के, डिझेलला १३ टक्के. म्हणजे पेट्रोलला ९४,६०० आणि डिझेलला १,२७,४००. इथेच आणखी ३२,८०० गेले. किंमत जास्त म्हणून विम्याचा हप्ताही थोडा जास्त, पहिल्या वर्षी चार-पाच हजार धरा. एकूण फरक १ लाख ५७ हजारांच्या घरात जातो. डिझेलची ऑन-रोड किंमत साडेअकरा लाखांकडे सरकते, म्हणजे तुमचं बजेटही ओलांडलं.

ही १ लाख ५७ हजारांची रक्कम कर्जातच वाढणार आहे. नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी तिचा हप्ता महिना ३,२६० रुपये बसतो. आणि महिन्याला ९०० किमी चालवून डिझेलमुळे वाचतात १,९८० रुपये. म्हणजे इंधनात वाचवलेले पैसे हप्त्यात जाऊन वर महिन्याला जवळजवळ तेराशे रुपये खिशातून. व्याज आणि डिझेलच्या सर्व्हिसिंगचा किलोमीटरमागे वीसेक पैशांचा जास्तीचा खर्च धरला, तर फरक भरून निघायला ९८ हजार किमी लागतात. तुमच्या रनिंगने नऊ वर्षं. डिझेलला रिसेल थोडी बरी येते, ती वजा केली तरी सात वर्षं धरा. गाडी ठेवायची आहे आठ वर्षं. फायदा अगदीच नाही असं नाही, पण त्यासाठी सात वर्षं सगळं सुरळीत चालायला हवं, आणि आजच्या डिझेल गाडीत ते तुमच्या वापराला सोपं नाही.

का नाही, हे नीट सांगावं लागेल, कारण शोरूममध्ये हा विषय सहसा निघत नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम आला आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सर लाइनमध्ये डीपीएफ नावाचा फिल्टर बसला. आत सिरॅमिकची बारीक जाळी असते. इंजिनातून येणारी काजळी ती धरून ठेवते. जाळी भरत आली की गाडी स्वतःहून ती जाळते: जादा डिझेल सोडून धुराचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जळून जाते. याला रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी इंजिन पूर्ण तापलेलं हवं आणि पुढे पंधरा-वीस मिनिटं गाडी एका लयीत, साठच्या वर, दोन हजारांच्या पुढे आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) ठेवून चाललेली हवी.

आता तुमच्या पत्नीचा दिवस बघा. सकाळी दोन किमी शाळा, परत दोन किमी, संध्याकाळी पुन्हा तेवढंच. डिझेल इंजिन मुळात सावकाश तापतं. नीट तापायलाच आठ-दहा किमी लागतात. म्हणजे प्रत्येक फेरीत ते थंडच बंद होणार. काजळी साचत राहणार, रीजनरेशन सुरू होणार आणि शाळेच्या फाटकाशी चावी फिरवली की अर्ध्यावर तुटणार. असं पाच-सहा वेळा झालं की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. त्याहून वाईट म्हणजे काजळी जाळायला सोडलेलं डिझेल जळत नाही, सिलेंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसते. ऑइल वाढलंय म्हणून लोक खूश होतात. खरं तर ते पातळ झालेलं असतं आणि टर्बोची बेअरिंगं त्यावरच फिरत असतात.

तासगावच्या आठवड्यात भरपाई होईल, असं तुम्ही म्हणाल. बऱ्याच अंशी होईलही. पण तो रस्ता तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. माधवनगर, बुधगाव, कवलापूर ही गावं एकापाठोपाठ एक लागतात, आणि गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर पुढे असला की चार-पाच महिने तिसऱ्या गिअरच्या वर जायची सोय नाही. पंचवीस किमीत सलग वीस मिनिटं साठचा वेग मिळेलच असं नाही.

तरीही कोणी बीएस-६ डिझेल घेतली असेल किंवा घेणार असेल, तर हे लक्षात ठेवावं. गाडी उभी असताना आयडल आरपीएम नेहमीपेक्षा थोडं चढलेलं, स्क्रीनवरचं ॲव्हरेज अचानक पडलेलं, बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा घोंघावतोय: ही रीजनरेशन चालू असल्याची खूण. अशा वेळी गाडी बंद न करता दहा-पंधरा मिनिटं मोकळ्या रस्त्याला काढावी. पिवळा दिवा स्थिर असेल तर टाकीत पाव भागापेक्षा जास्त डिझेल आहे ना बघून हायवे गाठायचा आणि चौथ्या गिअरमध्ये वीस-पंचवीस मिनिटं चालवायची. सांगलीकरांना त्यासाठी मिरजेच्या पुढचा सोलापूर रस्ता बरा. दिवा लुकलुकू लागला किंवा गाडीचा जोर कमी झाला तर मात्र हायवेचा नाद सोडून सर्व्हिस सेंटर. तिथे लॅपटॉप लावून फिल्टरमधली काजळी जाळून देतात. ऑइल फक्त मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं, म्हणजे कमी राखेचं. डब्यावर बहुधा सी-२ किंवा सी-३ असं छापलेलं असतं. साधं ऑइल घातलं की त्याची राख जाळीत बसते आणि ती कशानेच जळत नाही. महिन्यातून एकदा डिपस्टिक बघायची. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली तर किलोमीटर झाले नसले तरी ऑइल बदलायचं. नवा फिल्टर घालायची वेळ आली तर खर्च सहज पाच आकडी, काही गाड्यांना लाखाच्या पुढे.

'डीपीएफ काढून टाकू, नळी जोडू, सॉफ्टवेअर बदलू' असं सांगणारी गॅरेजं सगळीकडे आहेत. ते बेकायदा आहे, वॉरंटी जाते, आणि पुढे विकताना जाणकार गिऱ्हाईक खालून टॉर्च मारून पहिल्यांदा तेच बघतं.

काही डिझेल गाड्यांना डीईएफही लागतं, म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं द्रावण, वेगळ्या टाकीत. हजार किमीला साधारण एक-दोन लिटर. महाग नाही, पण टाकी पूर्ण रिकामी झाली की गाडी एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाही. बघत असलेल्या मॉडेलला ते आहे का, एवढं विचारून घ्या.

तुमच्या मित्राची भीती मात्र मनातून काढून टाका. डिझेलला दहा वर्षांची मर्यादा आली ती हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशाने, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पण ती दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरती. एमएच-१० पासिंगच्या गाडीला तो नियम लागू नाही. आपल्याकडे खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं; मग तपासणी करून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. पेट्रोललाही तेच. उद्या नियम बदलणार नाहीत असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, पण आज त्या भीतीने निर्णय फिरवू नका.

सासऱ्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. डिझेलला खालच्या आरपीएमला ओढ जास्त असते: या आकाराच्या गाड्यांत पेट्रोल टर्बोचा टॉर्क १७० न्यूटन मीटरच्या आसपास, डिझेलचा २५०-२६०. पाच माणसं, डिकीत धान्याची पोती आणि समोर चढ असला की फरक जाणवतो. पण रानातल्या वाटेवर गाडी अडते ती पोट घासल्यामुळे किंवा टायर घसरल्यामुळे. तिथे ग्राउंड क्लिअरन्स आणि टायर बघायचे. पुण्याच्या वाटेवरचा घाटाचा चढ आजचं पेट्रोल टर्बो एक गिअर खाली टाकून निमूट चढतं. 'डिझेल इंजिन जास्त टिकतं' हेही जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनांबद्दल खरं होतं. आता डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरमध्ये दीड-दोन हजार बारचा दाब असतो. डिझेलमध्ये थोडं पाणी आलं तरी इंजेक्टर जातात, आणि चारही बदलायचे म्हटलं की छातीत धस्स होतं.

मग डिझेल कोणी घ्यावी? साताऱ्याहून शिरवळच्या एमआयडीसीत रोज एकट्याने हायवेने जाणाऱ्याने बिनधास्त घ्यावी; त्याचा डीपीएफ रोज आपोआप साफ होतो आणि वर्षाला वीस-पंचवीस हजार किमी होतात. सांगलीहून रोज कवठेमहांकाळ किंवा जतला स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यानेही. विश्रामबागहून कुपवाड एमआयडीसीत जाणाऱ्याने घेऊ नये, मग तो महिन्याला कितीही फेऱ्या मारो. वर्षाला अठरा हजारांच्या वर रनिंग आणि त्यातल्या बहुतेक फेऱ्या वीस किमीपेक्षा लांब, या दोन्ही अटी पुऱ्या होत असतील तरच डिझेल. तुमची एकही होत नाही.

पाळी मोडली तर? एकाची बदली झाली, एक निवृत्त झाला, आणि उद्या रोजची फेरी तुमच्याच गाडीवर आली, तर तुमचं रनिंग खरंच वीस हजारांकडे जाईल आणि माझं उत्तर बदलेल. म्हणून बुकिंगच्या आधी त्या दोघांना स्पष्ट विचारा: पुढची तीन-चार वर्षं ही व्यवस्था चालणार आहे का? संकोच वाटायचं कारण नाही. या पाळीमुळे तुमच्या गाडीचे वर्षाला दहा हजार किमी वाचतात, पेट्रोलच्या हिशेबाने सत्तर हजार रुपये. एवढे पैसे डिझेल इंजिन तुम्हाला कधीच वाचवून देणार नाही. तेव्हा तिघांपैकी कोणाशी खटके उडत असतील तर गाडी बदलण्याआधी ते मिटवा.

तुम्ही न विचारलेला पर्याय म्हणजे कंपनीने बसवलेली सीएनजी. पेट्रोलपेक्षा ९५ हजारांनी महाग धरली तरी तिला आरटीओचा कर ८ टक्केच, त्यामुळे अठराएक हजार तिथे परत येतात. किलोला २४ चं ॲव्हरेज आणि ९० रुपयांचा दर धरला तर किलोमीटरला पावणेचार रुपये, डिझेलपेक्षाही कमी. व्याजासकट फरक ३० हजार किमीच्या आसपास भरून निघतो, तुमच्या रनिंगने तीन वर्षांच्या आत. छोट्या फेऱ्यांचाही तिला त्रास नाही. अडचणी दुसऱ्याच. एका मोठ्या सिलेंडरने डिकी खाल्ली तर जतहून पोती आणता येणार नाहीत, म्हणून डिकीच्या तळाशी दोन छोटे सिलेंडर बसवलेलं मॉडेल बघा. गॅसवर ताकद दहाएक टक्क्यांनी कमी पडते; ओव्हरटेक करताना आणि घाटात पेट्रोलवर टाकायची सवय लावून घ्यावी लागते. सिलेंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, करावी लागते. आणि पंप. घरापासून किंवा तुमच्या नेहमीच्या वाटेवर सीएनजी पंप कुठे आहे, संध्याकाळी सहाला तिथे रांग किती असते आणि प्रेशर पूर्ण मिळतं का, हे दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी स्वतः उभं राहून बघा. प्रेशर कमी असलं की टाकी अर्धीच भरते आणि रांगेत पुन्हा लागावं लागतं. रोज अर्धा तास तिथे घालवायचा असेल तर साधी पेट्रोल बरी.

विजेच्या गाडीबद्दल फार लिहीत नाही. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून पॉइंट ओढता येत असेल तर विचार करा; नसेल तर सध्या सोडा.

इथेनॉलमुळे पेट्रोल गाडीबद्दल शंका असेल तर एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या वीस टक्के इथेनॉलला चालतील अशाच असतात. ॲव्हरेज थोडं पडतं, ते माझ्या १५ च्या आकड्यात धरलंय. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचा धंदा त्याच इथेनॉलवर उभा राहतोय, तेव्हा सांगलीकरांनी फार कुरकुर करूही नये.

आणखी एक. पत्रात शोरूमवाला, सासरे, मित्र, तिघांचीही मतं आहेत. तीनपैकी दोन आठवडे ही गाडी जी चालवणार तिचं मत कुठेच दिसलं नाही. टेस्ट ड्राइव्ह त्यांनी घ्यायला हवी, तीही शाळा सुटायच्या वेळी, शाळेच्याच रस्त्यावर. क्लच किती जड आहे, यू-टर्न एका दमात बसतो का, बॉनेटचं टोक दिसतं का, हे त्या पाच मिनिटांत सांगतील. तुम्ही ती बुधगावपर्यंत नेऊन आणा.

आता जुनी गाडी. २०१८ ची म्हणजे बीएस-४, आणि त्या काळच्या बहुतेक गाड्यांत डीपीएफ नसतो. त्यामुळे छोट्या फेऱ्यांचा त्रास तिला नव्या डिझेलपेक्षा कमीच. धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने जाम होतो, पण तो कोणतंही बरं गॅरेज काढून साफ करून देतं. निम्म्या भांडवलात काम होतंय हेही खरं. पण ती गाडी गावभागात राहणाऱ्याची आहे आणि सांगलीत २०१९ आणि २०२१ असे दोन महापूर येऊन गेले. गावभाग, मारुती चौक, शामरावनगर, सांगलीवाडी या भागांतली त्या काळातली कोणतीही गाडी घेताना पहिला प्रश्न एकच: पाण्यात होती का? मालक खरं बोलत असेल, पण त्याने ती आणखी कोणाकडून घेतली असेल तर त्यालाही ठाऊक नसतं.

तपासायची रीत सांगते. चारही सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. आतल्या पट्टीवर मातकट रेष किंवा डाग दिसला तर पाणी तिथवर आलं होतं. सीट पुढे-मागे सरकवून खालच्या रुळावर आणि नटांवर गंज बघा. पुढच्या सीटखालचा कार्पेट उचलून हात फिरवा. पुराचा गाळ वाळल्यावर बारीक, मऊ भुकटीसारखा लागतो आणि कितीही धुतलं तरी वायरिंगच्या गुंड्यात राहतो. फ्यूज बॉक्स उघडा. पितळी टोकांवर हिरवट बुरशी असेल तर तिथूनच परत फिरा. स्टेपनीच्या खड्ड्यात, हेडलाइटच्या आत पाण्याची आडवी रेष दिसते का बघा. नवाकोरा सुगंध मारलेला असेल तर काचा बंद करून, एसी न लावता दहा मिनिटं उन्हात बसा. विम्याचा क्लेम किती वेळा घेतला हेही विचारा. नो क्लेम बोनस २०१९ किंवा २०२१ नंतर शून्यावर आला असेल तर कारण मागा.

पूर नसेल तर मग इंजिन. गाडी बघायला सकाळी जा आणि आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर आधीच सुरू करून ठेवली होती असं समजा आणि दुसऱ्या दिवशी या. चावी फिरवल्यावर ग्लो प्लगचा, म्हणजे थंड इंजिन आधी तापवणाऱ्या प्लगचा, दिवा विझला की दोन-तीन सेकंदांत इंजिन धरलं पाहिजे. थोडा पांढरा धूर येऊन जाईल, चालतं. येतच राहिला तर इंजेक्टर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, बहुधा टर्बोतून. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून नुसतं ठेवा: थरथरलं तर ठीक, उडायला लागलं तर पिस्टन रिंगा गेल्या. मग चालवताना तिसऱ्या गिअरमध्ये, चाळीसच्या वेगात एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम चढतंय आणि वेग वाढत नाही म्हणजे क्लच घसरतोय, आणि टर्बो डिझेलचा क्लच स्वस्त नसतो. दोन हजारांच्या आसपास टर्बोचा धक्का जाणवला पाहिजे. अधिकृत सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन जुने रीडिंग काढून घ्या. मीटर मागे फिरवलेलं असेल तर तिथे उघडं पडतं. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते, ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. मीटरवर चाळीस हजार आणि टायर दुसऱ्यांदा बदललेले, असं जमत नाही.

हे सगळं पास झालं तरी सव्वापाच देऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. जुन्यांचे भाव मालकांच्या मनात अजून तेच आहेत. क्लच, चार टायर, बॅटरी यांचा खर्च कागदावर मांडून तेवढा वजा करून मागा. त्या गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा नको. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या त्याच दिवशी घ्या, आणि विमा चौदा दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करा. ओळखीचा माणूस आहे म्हणून 'बघू पुढच्या महिन्यात' झालं, की मधल्या काळातल्या अपघाताचा क्लेम दोघांच्याही गळ्यात येतो.

तेव्हा माझा क्रम असा: पंप सोयीचा असेल तर नवी सीएनजी, नसेल तर नवी पेट्रोल, आणि गावभागातली गाडी सीटबेल्ट ओढून बघितल्यावर स्वच्छ निघाली व पावणेपाचच्या आत आली तर ती. नवी डिझेल या यादीत नाही. पाळीतल्या दोघांनी नकार दिला तर मात्र पुन्हा लिहा, मीटरचं रीडिंग घेऊन.